लकव्याचे खरे नाव : कार्डावरचा 'आय ६३' काय सांगतो?

गेल्या महिन्यात काटोलकडचे एक वयस्क संत्रा बागायतदार त्यांच्या मुलाबरोबर माझ्या दवाखान्यात आले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा उजवा हात आणि पाय अचानक लुळा पडला होता. बोलणे अजून अडखळत होते. नागपुरातल्या एका रुग्णालयात आठ दिवस राहून त्यांना सुट्टी मिळाली होती. मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढले, वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, हा 'आय ६३.९' कायचा नंबर आहे जी? वॉर्डाचा का बिलाचा? आमच्या गावात कोणालेच सांगता नाही आलं."

मी त्याला म्हटले, "हा वॉर्डाचाही नाही आणि बिलाचाही नाही. तुमच्या बाबांना जो आजार झाला, त्याचा हा जगभर चालणारा क्रमांक आहे. आणि तुम्ही विचारलं ते बरं केलं, कारण ह्या शेवटच्या नऊच्या आकड्याबद्दल मलाही काही विचारायचं आहे."

वाचकहो, लकव्याची लक्षणे आणि पथ्ये यांवर ह्या सदरात पूर्वी लिहिले आहे. आज लकव्याच्या कागदाबद्दल लिहिणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण ज्या घरात लकव्याचा रोगी आहे त्या घराने तो जरूर समजून घ्यावा.

आजारांना क्रमांक कशासाठी?

आपल्याकडे प्रत्येक वावराला घरगुती नाव असते. कोणी 'आंब्याचे वावर' म्हणतो, कोणी 'विहिरीजवळचे'. घरात त्या नावाने काम भागते. पण खरेदी-विक्री, कर्ज किंवा वाटणी करायची झाली की सात-बाऱ्यावरचा गट क्रमांकच लागतो, कारण आंब्याची वावरे गावात चार असू शकतात. आजारांचेही तसेच आहे. एकाच आजाराला वऱ्हाडात एक नाव, कोकणात दुसरे, आणि एकाच नावाखाली कधी चार वेगवेगळे आजार. म्हणून प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही अंक मिळून एक संकेतांक दिलेला आहे.

याची सुरुवात मृत्यूच्या नोंदींपासून झाली. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत फ्रान्सचे जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. निरनिराळ्या देशांनी ती स्वीकारली आणि ठरावीक वर्षांनी तिच्यात सुधारणा होत गेली. १९४८ साली हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि १९९४ पासून वापरात आली. अकरावी आवृत्ती २०१९ साली मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. तरी आपल्याकडच्या कार्डांवर आणि विम्याच्या कागदांवर अजून बहुतेक ठिकाणी दहाव्या आवृत्तीचेच क्रमांक दिसतात. म्हणून इथे मी तेच वापरतो.

दहाव्या आवृत्तीत 'आय' हे अक्षर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठी आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आय ६० ते आय ६९ या दहा खणांत बसवले आहेत. अकराव्या आवृत्तीत मात्र पक्षाघाताला तिथून उचलून मज्जासंस्थेच्या प्रकरणात नेले आहे. रक्तवाहिनी बिघडते खरी, पण मरतो तो मेंदूचा भाग, हा त्यामागचा विचार.

'लकवा' म्हणजे एक आजार नव्हे

आपण 'लकवा मारला' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकच आजार असतो. डॉक्टरांच्या यादीत मात्र त्याचे अनेक खण आहेत. ते थोडक्यात असे:

आय ६३ : मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी बंद पडून मेंदूचा तेवढा भाग मृत होणे. पक्षाघाताच्या रोग्यांत सर्वांत जास्त संख्या यांचीच असते.

आय ६१ : मेंदूतली वाहिनी फुटून आतच रक्तस्राव होणे. वर्षानुवर्षे न सांभाळलेला रक्तदाब हे याचे मोठे कारण.

आय ६० : मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होणे. यात बहुधा आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी सुरू होते.

आय ६४ : पक्षाघात आहे हे नक्की, पण वाहिनी बंद पडली की फुटली हे ठरलेले नाही.

जी ४५ : लक्षणे आली आणि थोड्या वेळात पूर्ण गेली. याला लोक 'चक्कर येऊन गेली' म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते आणि त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

आय ६९ : जुन्या पक्षाघाताचे मागे राहिलेले परिणाम. दोन वर्षांपूर्वी झटका आलेला मनुष्य हाताच्या व्यायामासाठी आला तर तो या खणात जातो. त्याला पुन्हा आय ६३ लिहिले तर कागदावर दुसरा झटका आल्यासारखे दिसते.

याखेरीज दोन आजार असे आहेत की ते पक्षाघात नाहीत, पण लोक तिथेच गल्लत करतात. एक म्हणजे तोंडाचा लकवा, जी ५१.०. यात चेहऱ्याची एक नस सुजते, तोंड वाकडे होते, त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि कपाळावर आठी पडत नाही, पण हातपाय व बोलण्याची समज ठीक असते. यावर पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइड सुरू केले तर गुण चांगला येतो. दुसरा म्हणजे आपल्या नागपूरचा मे महिना. दुपारी वावरातून आलेला मनुष्य कोसळला की घरचे म्हणतात, ऊन लागले. उष्माघाताचा क्रमांक टी ६७.० आहे आणि त्यालाही इंग्रजीत 'स्ट्रोक' हाच शब्द असल्याने घोळ वाढतो. उन्हाने आजारी पडलेल्याचे अंग तापते, तो बरळतो. पण एकाच बाजूचा हात पडला असेल, तोंड एकीकडे ओढले असेल, तर ऊन समजून कांदा आणि पन्हे यांत वेळ घालवू नये.

वाहिनी बंद कशी पडते?

आय ६३ च्या पुढे टिंब देऊन आणखी एक अंक येतो. वाहिनी कुठे आणि कशाने बंद पडली ते तो अंक सांगतो.

शहरात नळाला पाणी आले नाही तर कारणे तीन असू शकतात. आपल्या घरातलाच नळ गंजून भरला असेल, रस्त्यावरच्या मोठ्या पाइपात गाळ साचला असेल किंवा टाकीतूनच काही वाहत येऊन नळात अडकले असेल. मेंदूचेही तसेच. मेंदूतल्या रोहिणीतच चरबीचा थर साचून तिथे गुठळी धरली तर आय ६३.३. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीत गुठळी धरून मेंदूला इजा झाली तर आय ६३.०. आणि गुठळी दुसरीकडे तयार होऊन रक्ताबरोबर वाहत मेंदूत येऊन अडकली तर आय ६३.४. ही वाहत येणारी गुठळी पुष्कळदा हृदयातून येते. म्हातारपणी हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, रक्त तिथे साकळते आणि गुठळी धरते. लहानपणी सांधेताप होऊन झडप अरुंद झालेल्यांत हाच प्रकार तरुण वयात दिसतो.

कधी रोहिणीऐवजी मेंदूतून रक्त परत नेणारी नीला बंद पडते. तिचा क्रमांक आय ६३.६. बाळंतपणानंतरच्या दिवसांत हा आजार विशेष आढळतो आणि तेव्हा त्याची नोंद गरोदरपण व बाळंतपणाच्या प्रकरणात केली जाते. बाळंतिणीचे डोके सतत दुखत असेल, आकडी आली असेल, तर 'बाहेरचे काही' म्हणून बसू नये.

आपल्या विदर्भापुरते आणखी एक सांगायला हवे. सिकल सेलचा आजार असलेल्या लहान मुलांतही मेंदूच्या रोहिण्या अरुंद होऊन पक्षाघात येतो. अशा मुलाच्या कार्डावर आय ६३ बरोबर सिकल सेलचा डी ५७ हा क्रमांकही असला पाहिजे. तो नसेल तर पुढचा डॉक्टर मुलाला नुसत्या गोळ्या देत राहील आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून लागणारे रक्त चढवण्याचे उपचार राहून जातील.

टिंबानंतर ९ हा अंक असेल तर त्याचा अर्थ 'कारण नमूद नाही'. ही पद्धत दहाव्या आवृत्तीत बहुतेक सगळीकडे आहे : ८ म्हणजे यादीत नसलेले दुसरे कारण, ९ म्हणजे सांगितलेले नाही. काटोलच्या बाबांच्या कार्डावर नेमका हाच ९ होता.

माझ्या हातून राहिलेली एक ओळ

हे सगळे कारकुनी काम आहे, त्याचा रोग्याला काय उपयोग, असे काही वाचकांना वाटेल. मलाही तरुणपणी तसेच वाटत असे. तेव्हाची एक गोष्ट सांगतो.

मी निवासी डॉक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. उमरेडकडची एक पन्नाशीची बाई डावी बाजू पडून दाखल झाली होती. आठवड्याने ती काठीच्या आधाराने चालू लागली. सकाळी वॉर्डात नवे रोगी खाली गाद्यांवर पडलेले, खाट लवकर मोकळी करायची घाई. मी कार्डावर लिहिले, 'सी.व्ही.ए., डावी बाजू, रक्तदाब', आणि सही केली. तिच्या मेंदूच्या सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला होता. तो अहवाल वेगळ्या कागदावर होता आणि तो मी नातेवाइकांच्या हातात दिला. कार्डावर 'रक्तस्राव' हा शब्द मी लिहिला नाही. 'सी.व्ही.ए.' या तीन अक्षरांत वाहिनी फुटणे आणि बंद पडणे दोन्ही येतात.

दीड वर्षाने तीच बाई बेशुद्ध अवस्थेत आली. स्कॅनचा कागद घरी पावसाळ्यात भिजून गेला होता. कार्ड तेवढे शिल्लक होते. त्यावरची 'सी.व्ही.ए.' वाचून तिकडच्या एका डॉक्टरांनी बहुसंख्य रोग्यांप्रमाणे हिचीही वाहिनी बंद पडली असावी असे धरले आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी रोजची ॲस्पिरिनची गोळी सुरू केली होती. आठ महिने ती गोळी चालू होती. आता पुन्हा रक्तस्राव झाला होता आणि तो मोठा होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

गोळीमुळेच रक्तस्राव झाला असे मी म्हणू शकत नाही. तिचा रक्तदाबही काबूत नव्हता. पण वाहिनी बंद पडलेल्या रोग्याला जी गोळी दुसऱ्या झटक्यापासून सांभाळते, तीच गोळी रक्तस्राव झालेल्या रोग्याला सहसा देत नाहीत आणि द्यायचीच असेल तर तज्ज्ञ डॉक्टर पुष्कळ विचार करून देतात. त्या गावच्या डॉक्टरांना हे कळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे ते कार्ड. त्यावरचे अक्षर माझे होते. तेव्हापासून मी कार्डावर 'सी.व्ही.ए.' लिहिलेले नाही आणि माझ्या हाताखालच्या डॉक्टरांनाही लिहू दिलेले नाही.

क्रमांक देतो कोण?

रोग्याला सुट्टी झाल्यावर त्याचे कागद रुग्णालयाच्या अभिलेख विभागात जातात. तिथले कर्मचारी डॉक्टरांनी लिहिलेले निदान वाचतात आणि पुस्तकातून त्याचा क्रमांक लावतात. मोठ्या रुग्णालयांत हे संगणकावर होते. त्यांना अंदाज करण्याची मुभा नसते. डॉक्टरांनी 'मेंदूच्या डाव्या मधल्या रोहिणीत हृदयातून आलेली गुठळी' असे लिहिले तर आय ६३.४ लागेल. नुसते 'स्ट्रोक' लिहिले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे आय ६४ लागेल. म्हणजे क्रमांक बरोबर यायचा असेल तर शब्द बरोबर हवा आणि शब्द बरोबर यायचा असेल तर तपासणी व्हायला हवी.

इथे एक मेख आहे. अमेरिकेने स्वतःच्या वापरासाठी दहाव्या आवृत्तीची वेगळी प्रत तयार केली आहे. त्यात आय ६४ हा खणच ठेवलेला नाही. नुसता 'स्ट्रोक' लिहिला की तो तिथे आय ६३.९ मध्ये पडतो. त्या यादीवर चालणारा संगणक एखाद्या ठिकाणी असला तर कार्डावरच्या आय ६३.९ चे दोन अर्थ होऊ शकतात : स्कॅनमध्ये वाहिनी बंद पडल्याचे दिसले पण कारण सापडले नाही, किंवा कोणी नीट लिहिलेच नाही. म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. शेजारी शब्दांत निदान लिहिलेले असले पाहिजे.

स्कॅनशिवाय उत्तर नाही

वाहिनी बंद पडली की फुटली हे हात लावून, नाडी पाहून किंवा रक्तदाब मोजून खात्रीने सांगता येत नाही. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नाही. त्यासाठी मेंदूचा सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. लागतो. सी.टी. मध्ये ताजे रक्त पांढरे दिसते, लगेच कळते. वाहिनी बंद पडलेली असेल तर पहिल्या काही तासांत फोटो अगदी साधा दिसू शकतो, मेलेला भाग पुढे काळसर होत जातो. म्हणून 'स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे लकवा नाही' असा अर्थ काढू नये. लक्षणे आहेत आणि रक्तस्राव नाही, एवढ्यावरच पहिल्या तासांतले उपचार सुरू होतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी रोहिणी बंद असेल तर तारेने गुठळी काढण्याचा उपाय सहा तासांपर्यंत आणि निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करता येतो. हे उपचार आय ६३ च्या रोग्यासाठी आहेत. आय ६१ च्या रोग्याला ते इंजेक्शन दिले तर जिवावर बेतेल.

आय ६४ आणि विदर्भातली गावे

आपल्या महाराष्ट्रातच याची दोन चांगली उदाहरणे आहेत. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत एका ठरावीक वस्तीतल्या पक्षाघाताच्या रोग्यांची नोंद केली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रोगी सापडले. त्यातल्या ४०७ जणांचा सी.टी. स्कॅन झालेला होता. ३६६ जणांची वाहिनी बंद पडलेली निघाली, ८१ जणांना रक्तस्राव होता आणि फक्त ९ जणांचे निदान अनिश्चित राहिले.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी केली. एकूण १,५९९ मृत्यू झाले होते. त्यांत २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले होते. कोणत्याही दुसऱ्या एका कारणापेक्षा ही संख्या जास्त होती. खेड्यातले लोक ताप, हगवण आणि क्षयानेच मरतात हा समज या आकड्यांनी मोडला. आणि या २२९ पैकी ८७.३ टक्के माणसे घरीच वारली.

मुंबईत जे नऊ माणसांच्या बाबतीत कळले नाही, ते घरीच वारणाऱ्या खेड्यातल्या माणसांच्या बाबतीत बहुधा कधीच कळत नाही. नातेवाइकांच्या तोंडच्या हकिगतीवरून पक्षाघात होता हे कळते, कोणता ते कळत नाही. त्यांच्यासाठी आय ६४ हाच प्रामाणिक क्रमांक आहे. अंदाजाने आय ६३ लिहिण्यापेक्षा आय ६४ लिहिणे केव्हाही बरे, कारण आय ६४ ची संख्या कुठे मोठी आहे हे पाहूनच सी.टी. स्कॅन कुठल्या तालुक्यात हवा ते सरकारला कळू शकते.

मृत्यूच्या कारणाचा दाखला

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी झाला आणि डॉक्टरांचा उपचार चालू असेल तर नमुना ४-अ. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून आपल्याला मिळतो तो मृत्यूचा दाखला वेगळा, त्यावर कारण छापलेले नसते. कारण असते ते या नमुन्यावर, आणि त्यावरूनच राज्याची आणि देशाची आकडेवारी तयार होते. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून सर्व रुग्णालयांनी, सरकारी असोत वा खाजगी, कारणाचा दाखला विनामूल्य द्यायचा आहे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे.

या नमुन्यात पुष्कळदा 'हृदय व श्वसन बंद पडणे' एवढेच लिहिलेले आढळते. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मरणाऱ्याचे बंद पडतात, ते कारण होऊ शकत नाही. योग्य पद्धत अशी : पहिल्या ओळीत थेट कारण, उदाहरणार्थ न्यूमोनिया, ४ दिवस. दुसऱ्या ओळीत तो ज्यामुळे झाला ते कारण, मेंदूतील रोहिणीत गुठळी, १२ दिवस. आणि दुसऱ्या भागात साथीचे आजार, मधुमेह, १० वर्षे. असे लिहिले तर हा मृत्यू न्यूमोनियाचा न राहता आय ६३ च्या खात्यात मोजला जातो. २०२० सालच्या आकड्यांनुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचात एकाला असा वैद्यकीय दाखला मिळाला होता. जे थोडे दाखले भरले जातात ते तरी नीट भरले जावेत.

विम्याच्या दाव्याच्या अर्जातही रुग्णालयाने भरायच्या भागात या क्रमांकाची जागा असते. तिथला क्रमांक आणि कार्डावरचे निदान जुळत नसेल तर चौकशी निघते आणि पैसे अडतात. सरकारी आरोग्य योजनेचा पॅकेज क्रमांक निराळा असतो, तो आजाराचा क्रमांक नव्हे, ही गल्लतही करू नये.

घरच्यांनी काय करावे?

झटका आला त्या वेळी :

१. तोंड वाकडे, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यातले एकही अचानक दिसले तर १०८ वर फोन करा किंवा सी.टी. स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट जा. वाटेत दोन-तीन दवाखाने करत बसू नका.

२. मनुष्य धडधाकट शेवटचा कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून न्या. साडेचार तास तिथून मोजतात. झोपेतून उठताना हात पडलेला आढळला तर रात्री झोपतानाची वेळ सांगा.

३. छातीत दुखल्यावर देतात म्हणून ॲस्पिरिन देऊ नका. स्कॅन होईपर्यंत वाहिनी फुटली की बंद पडली हे कोणालाच ठाऊक नसते. पाणी, चहा, पन्हेही नको, ते फुफ्फुसात जाते. कबुतराचे रक्त चोळण्याने काहीही होत नाही, वेळ मात्र जातो.

सुट्टी होताना डॉक्टरांना शांतपणे चार प्रश्न विचारा :

१. वाहिनी बंद पडली होती की फुटली होती? ते कार्डावर शब्दांत लिहाल का?

२. गुठळी कुठून आली असावी? हृदयाचा आलेख आणि मानेच्या रोहिणीची तपासणी झाली का?

३. रक्त पातळ करणारी गोळी आहे का, आणि ती किती दिवस?

४. स्कॅनचा अहवाल कार्डाला जोडला आहे का?

कार्डाच्या आणि अहवालाच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरात कोरड्या जागी ठेवा, दुसरी बाहेरगावी जाताना रोग्याजवळ असू द्या. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

आता काटोलच्या बाबांचे. मुलाने स्कॅनची फिल्म आणली होती. डाव्या बाजूला काळसर डाग स्पष्ट होता, म्हणजे वाहिनी बंद पडली हे खरेच होते. राहिला होता तो शेवटचा ९. नाडी धरली तर ठोके कमीजास्त पडत होते. आलेख काढला, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली होती. ही लय येते आणि जाते, रुग्णालयातल्या आलेखात ती सापडली नसेल. हृदयविकारतज्ज्ञांनी तपासून ॲस्पिरिनच्या जागी हृदयातली गुठळी रोखणारे दुसरे औषध सुरू केले. मी कार्डाच्या मागे निदान शब्दांत लिहिले, खाली आय ६३.४ घातला आणि तारीख टाकून सही केली.

"आता गावात कोणी विचारलं तर काय सांगू जी?" मुलाने विचारले.

"सांगा की बाबांच्या मेंदूत गुठळी अडकली होती, ती हृदयातून आली होती, आणि हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायचं नाही. एवढं तुम्हाला सांगता आलं की नंबर पाठ नसला तरी चालेल."